गंगापूरच्या पाण्यावर कयाक-कॅनो स्प्रिंटची तयारी

नाशिकमध्ये वल्ह्याचा विषय निघाला की चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो. 2016 ला रिओ ऑलिंपिक, 2018 ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्ण. पण ते रोइंग. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा बसतो आणि वल्ही होडीला अडकवलेली असतात. कयाक आणि कॅनोत तोंड पुढे असतं, वल्हं मोकळं हातात. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचं वल्हं मारायचं; कॅनोत एका गुडघ्यावर उभं राहून एकाच पात्याचं, तेही एकाच बाजूने. कयाकला पायाने फिरवायचं सुकाणू असतं, स्प्रिंटच्या, म्हणजे सपाट पाण्यावरच्या कमी अंतराच्या शर्यतींच्या, कॅनोला सुकाणूच नसतं. रोइंगमधला दम इथे कामाला येतो, तंत्र मात्र पहिल्यापासून शिकावं लागतं.

या लेखात जास्त भर मोजमापावर आहे. घरच्या पाण्यावर 500 मीटर 1 मिनिट 55 सेकंदांत मारणारा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत 2 मिनिटं 1 सेकंद लावतो आणि दडपणाला दोष देतो. बहुतेक वेळा घरचे 500 मीटर मुळात 500 नसतात, किंवा पाठीमागून वारा असतो. अंतर खोटं असेल तर त्यावर उभा केलेला सगळा सराव खोटा पडतो.

कोणत्या शर्यतीसाठी?

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटच्या 10 शर्यती होत्या. पुरुषांच्या के-1 1000, के-2 500, के-4 500, सी-1 1000, सी-2 500; महिलांच्या के-1 500, के-2 500, के-4 500, सी-1 200, सी-2 500. अक्षर होडीचा प्रकार सांगतं (के म्हणजे कयाक, सी म्हणजे कॅनो), पहिला आकडा माणसं, दुसरा मीटर. पण हीच यादी सगळीकडे चालते असं धरू नका. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी भारताला कांस्य मिळवून दिलं ते सी-2 1000 मीटरमध्ये, 3 मिनिटं 53.329 सेकंदांत. त्याआधीचं भारताचं या खेळातलं आशियाई पदक 1994 च्या हिरोशिमाचं, सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांचं, तेही सी-2 1000 मध्येच. त्यामुळे लक्ष्य ठरवलेल्या स्पर्धेचं पत्रक आधी वाचा आणि मग अंतर निवडा. 200 मीटरचा सराव आणि 1000 मीटरचा सराव हे दोन वेगळे संसार आहेत.

नाशिकहून सुरुवात करणाऱ्याने कयाकच घ्यावी असंही काही नाही. सी-1 शिकायला अवघड, म्हणूनच तिथे गर्दी कमी. गुडघा आणि कंबर मजबूत असलेल्या, चिकाटीच्या मुलीने सी-1 200 चा विचार जरूर करावा. पॅरिसमध्ये या शर्यतीत केटी व्हिन्सेंट 44.12 सेकंदांत जिंकली आणि दुसरी आलेली नेव्हिन हॅरिसन 44.13 ला पोचली. एका शतांश सेकंदाचा हा खेळ आहे.

पाण्यात उतरण्याआधी

अंगावर टी-शर्ट आणि चड्डी असताना न थांबता किमान 100 मीटर पोहता आलं पाहिजे. शर्यतीची के-1 पाण्यात 40 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते, त्यामुळे पहिले काही आठवडे होडी उलटणारच. उलटल्यावर होडी सोडायची नाही, वल्हं सोडायचं नाही, पोहत किनाऱ्याकडे होडी ढकलत न्यायची. हे किनाऱ्यापासून 10 मीटरवर मुद्दाम उलटून दहा वेळा करून घ्या. लाइफ जॅकेट प्रशिक्षक सांगेपर्यंत अंगावर राहू द्या, आणि एकट्याने कधीही उतरू नका.

शहरातल्या गोदापात्रात सराव करावासा वाटतो, कारण ते जवळ आहे. पण पाणवेली सुकाणूत अडकतात, तळ उथळ आहे आणि पाण्याचा दर्जाही भरवशाचा नाही. हातावर फोड असतील तर तिथे उतरूच नका. गंगापूर धरणाचा फुगवटा, गिरणारे-सावरगावच्या अंगाला, सरावाला बरा. हे धरण नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचं आहे. त्यामुळे जलसंपदा विभागाची लेखी परवानगी हवी, मोटरबोटीचा आग्रह धरायचा नाही, आणि धरणाच्या भिंतीच्या व दरवाजांच्या जवळपासही फिरकायचं नाही. नांदूर मधमेश्वरचं पाणी रुंद आणि मोहक दिसतं. ते पक्षी अभयारण्य आहे, तिकडे होडी नको.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो. त्या वेळी पाणी हवेपेक्षा उबदार लागतं आणि तिथेच फसगत होते: उलटल्यावर पाण्यात गार वाटत नाही, पण वर आल्यावर ओल्या अंगावर वारा लागला की दहा मिनिटांत बोटं वळत नाहीत. कोरडे कपडे आणि टॉवेल किनाऱ्यावर, पिशवीच्या सगळ्यात वर ठेवा.

होडी अंगाला बसवणं

नव्या मुलाला थेट शर्यतीच्या होडीत बसवू नका. आधी रुंद, स्थिर के-1. तीत हात सोडून बसता आलं, डोळे मिटून बसता आलं, वल्हं डोक्यावर धरून 20 सेकंद थांबता आलं की मग अरुंद होडी. आसन जितकं खाली तितका तोल सोपा, पण पातं पाण्यात घालताना हात उंच उचलावे लागतात. म्हणून आसन सुरुवातीला खाली ठेवा आणि तोल आला की एकेक सेंटिमीटर चढवा.

पायाची पट्टी अशी लावा की पाय टेकवल्यावर गुडघा साधारण 110 ते 120 अंशांत वाकलेला राहील. पाय पूर्ण सरळ झाले तर पायाने ढकलता येत नाही आणि कंबर फिरत नाही. फार वाकले तर गुडघे हाताला लागतात. बोटांवरचा पट्टा घट्ट हवा, कारण एका पायाने ढकलताना दुसरा पाय त्याच पट्ट्याने ओढायचा असतो. सुकाणूची दांडी दोन पावलांच्या मध्ये येते. उतरण्याआधी दांडी डावीकडे सरकवा आणि मागे वळून पाहा, सुकाणूही होडीला डावीकडे वळवतंय ना. दोऱ्या बदलल्यावर उलट्या जोडल्या गेल्याचं बहुधा किनाऱ्यापासून 50 मीटर गेल्यावर कळतं.

सगळं मनासारखं बसलं की मोजपट्टी काढा. आसनाच्या मागच्या कडेपासून पायपट्टीपर्यंतचं अंतर, आसनाची तळापासूनची उंची, होडीच्या पुढच्या टोकापासून आसनापर्यंतचं अंतर हे तिन्ही आकडे मिलिमीटरमध्ये वहीत लिहा, वल्ह्याच्या दांड्यावरही पट्टी चिकटवून लिहा. पुढे परदेशात परकी होडी हातात येईल तेव्हा यांचा उपयोग कळेल.

वल्हं: कयाकचं पातं आता सर्रास पंखाच्या आकाराचं, वक्र असतं. लांबी पुरुषांना ढोबळमानाने 214 ते 220 सेंटिमीटर, महिलांना 208 ते 215. वल्हं शेजारी उभं धरून हात वर केल्यावर बोटांची पेरं पात्याच्या वरच्या कडेवरून वळली की लांबी जवळपास बरोबर. दोन पात्यांमधला कोन 60 अंशांच्या आसपास ठेवा. जास्त कोनाने समोरच्या वाऱ्यात फायदा होतो, पण मनगट जास्त फिरवावं लागतं आणि तिथेच सूज येते. लहान मुलांना लांब वल्हं देऊ नका. "मोठा झाला की बसेल" हा हिशेब शाळेच्या गणवेशाला चालतो, इथे त्याने खांदा जातो.

खरं 500 मीटर आखणं

आधी खोली पाहा. होडी जितक्या वेगाने जाते, तिच्या लाटाही तितक्याच वेगाने जाऊ पाहतात, आणि उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला मर्यादा येते: 2 मीटर खोलीवर सेकंदाला सुमारे 4.4 मीटर, 1 मीटर खोलीवर सुमारे 3.1. बरा मुलगा 500 मीटर दोन मिनिटांत मारतो म्हणजे सेकंदाला 4.17 मीटर. 2 मीटर पाण्यावर तो त्या मर्यादेच्या अगदी जवळ असतो आणि होडी चिखलात रुतल्यासारखी जड होते. दिवाळीत उत्तम असलेली जागा मे महिन्यात पाणी उतरल्यावर अशीच जड होते, आणि मुलाला वाटतं आपला दम कमी झाला. दोरीला दगड बांधून दर 50 मीटरवर खोली मोजा; संपूर्ण अंतरात 3 मीटरपेक्षा जास्त हवी. कमी भरली तर मार्ग आत सरकवा.

मग किनाऱ्यावर अंतर. फोनच्या जीपीएसमध्ये 3 ते 5 मीटरची चूक सहज होते. 500 मीटरमध्ये ती एक सेकंदाची, 200 मीटरमध्येही तेवढ्याच सेकंदाची, आणि 200 मध्ये एक सेकंद म्हणजे पहिला आणि शेवटचा यांतला फरक. त्यापेक्षा बांधकामाची 50 मीटरची टेप आणि दोन माणसं बरी.

1. किनाऱ्याला समांतर सरळ रेषेत सुतळी ताणा. वाकड्या किनाऱ्यावरून चालत मोजू नका, रेषेवरूनच मोजा.
2. सुरुवात, 250 आणि 500 मीटरवर खुंटी ठोका.
3. प्रत्येक खुंटीपाशी गवंड्याच्या 3-4-5 च्या मापाने काटकोन काढा: सुतळीवर 3 मीटर, आडवं 4 मीटर, कर्ण 5 मीटर. त्या आडव्या रेषेत दोन बांबू उभे करा, एक पाण्याच्या कडेला, दुसरा 15 मीटर मागे आणि त्याहून उंच. मागच्या बांबूमागून पाहिल्यावर दोन्ही बांबू एकावर एक दिसतात, तीच तुमची रेषा.
4. होडीचं टोक ज्या क्षणी दोन बांबूंच्या रेषेत येईल तेव्हा घड्याळ दाबा.

काटकोनात हयगय नको. रेषा 2 अंशांनी कलली तर किनाऱ्यापासून 60 मीटर आत 2 मीटरची चूक पडते. दोन्ही टोकांच्या रेषा विरुद्ध दिशेने कलल्या तर 4 मीटर.

बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, हव्यातच, पण सरळ जाण्यासाठी. अंतर बांबूंवरूनच धरायचं. बोया वाऱ्याने फिरतात. 7 मीटर पाण्यात 10 मीटर दोरी सोडली तर बोया नांगरापासून 7 मीटरपर्यंत कुठेही जाऊ शकते. सगळ्या बोया एकाच बाजूला सारख्याच सरकल्या तर अंतर तेच राहतं हे खरं, पण एकीकडे खोली 7 मीटर आणि दुसरीकडे 4 असेल तर त्या सारख्या सरकत नाहीत. धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर उतरत जातं तसतशी दोरी आणखी सैल पडते.

यावर साधा उपाय आहे. स्वच्छ धुतलेला 5 लिटरचा कॅन, झाकण पक्कं, बाहेरून भगवा रंग. नांगराला गोणीत 15 किलो वाळू. पाण्यात तिचं वजन 9 किलोच्या आसपासच भरतं, त्यामुळे कमी करू नका. 6 मिलिमीटरची नायलॉनची दोरी कॅनच्या मुठीतून मोकळी ओवा आणि दुसऱ्या टोकाला वाळू भरलेली अर्ध्या लिटरची बाटली लोंबत ठेवा. पाणी उतरलं की बाटली दोरी खाली ओढून घेते आणि बोया नांगराच्या डोक्यावरच राहते. हाटातली स्वस्त, तरंगणारी प्लॅस्टिकची दोरी घेऊ नका. तिचा सैल भाग पाण्यावर पसरतो आणि सुकाणूत अडकतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लेन 9 मीटर रुंद असते, तेवढ्याच अंतरावर बोयांच्या दोन रांगा लावा. हंगाम संपला की सगळं बाहेर काढा, एकही बाटली तळाशी राहू देऊ नका.

घड्याळ दाबणारा शेवटच्या रेषेवर उभा असेल तर सुरुवात शिट्टीने देऊ नका. 500 मीटरवरून आवाज पोचायला जवळजवळ दीड सेकंद लागतो, म्हणजे वेळ दीड सेकंदाने चांगली दिसते. झेंडा खाली पाडा आणि तो पाहून घड्याळ सुरू करा.

वाऱ्याचा हिशेब असा: चाचणी सकाळी, सूर्य चढायच्या आत. उन्हाळ्यात दुपारनंतर इथे पश्चिमेचा वारा उठतो, त्या वेळची कोणतीही वेळ वहीत लिहायची नाही. सकाळीही वारा असेल तर एकदा इकडून, पुरेशी विश्रांती घेऊन एकदा तिकडून मारा आणि सरासरी घ्या. ही सरासरीही शांत पाण्याच्या वेळेपेक्षा थोडी वाईट येते, कारण समोरचा वारा जितकं नुकसान करतो तितका पाठीचा वारा परत देत नाही. लिहिताना वाऱ्याची दिशा शेजारी लिहा. वारा न लिहिलेली वेळ महिनाभराने निरुपयोगी होते.

स्ट्रोक

कयाकमध्ये ताकद हातातून येत नाही. उजवीकडे पातं घालताना उजवा खांदा आणि उजवी कंबर पुढे, उजवा गुडघा वाकलेला. पातं पावलाच्या जवळ, होडीच्या अगदी कडेला पाण्यात शिरलं पाहिजे आणि पूर्ण बुडाल्यावरच ओढायला सुरुवात. त्या क्षणी उजव्या पायाने पट्टीवर ढकला. कंबर फिरते, धड फिरतं, हात जवळजवळ सरळच राहतो. वक्र पातं होडीच्या कडेने मागे न येता बाहेरच्या बाजूला, होडीच्या लाटेच्या रेषेने सरकतं. त्याला जाऊ द्या. कंबरेशी आलं की बाहेर काढा. कंबरेच्या मागे नेलेलं पातं पाणी वर उचलतं आणि होडीचं शेपूट खाली दाबतं.

चुका ओळखायच्या कशा? किनाऱ्यावरून होडीचं पुढचं टोक पाहा. ते वर-खाली नाचत असेल तर खेळाडू दर स्ट्रोकला पुढे झुकून मागे पडतोय, फिरण्याऐवजी वाकतोय. टोक डावी-उजवीकडे डुलत असेल तर पातं होडीपासून लांब पडतंय. पात्यामागे पांढरा फेस दिसला तर पातं बुडायच्या आत ओढलं गेलंय, पाण्याबरोबर हवा आलीय. पात्याचा आवाज "छप" असा आला तरी तीच चूक. चांगल्या स्ट्रोकचा आवाज जवळपास येत नाही. नेहमी एकाच बाजूला उलटणाऱ्याचं आसन मधोमध आहे का ते आधी पाहा, मगच त्याला बोला.

कॅनोत पुढचा पाय टेकवलेला, मागचा गुडघा फोमवर, मागच्या पायाची बोटं टेकलेली. गुडघ्याखालचा फोम पायाच्या आकाराने कापून घ्यावा लागतो. सपाट फोमवर गुडघा घसरतो आणि महिन्याभरात पाण्याची गाठ येते. वल्हं एकाच बाजूला असल्याने होडी दर स्ट्रोकला विरुद्ध बाजूला वळते. ती सरळ करायची ती स्ट्रोकच्या शेवटी पातं किंचित बाहेर वळवून. नवे मुलगे शेवटी पातं सुकाणूसारखं धरून ठेवतात. होडी सरळ जाते पण प्रत्येक वेळी थांबतेही. वळवणं आणि बाहेर काढणं ही एकच हालचाल झाली पाहिजे. आडव्या वाऱ्यात डाव्या आणि उजव्या हाताच्या कॅनोपटूंचा त्रास सारखा नसतो, म्हणून वाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी सराव करून आपली अवघड बाजू माहीत करून घ्या.

लय आणि दम

स्ट्रोकची गती साध्या घड्याळावर मोजता येते. दोन्ही बाजूंचे मिळून 10 स्ट्रोक किती सेकंदांत झाले ते पाहा आणि 600 ला त्या सेकंदांनी भागा. 6 सेकंद लागले तर मिनिटाला 100. दोन मिनिटांत 500 मीटर आणि मिनिटाला 100 म्हणजे एका स्ट्रोकला अडीच मीटर. हा अडीचचा आकडा जपा. गती 110 केली आणि अंतर 2.3 वर आलं, तर वेग 4.22 होतो, म्हणजे फक्त पाच शतांश मीटरने वाढला, आणि दम मात्र किती तरी जास्त गेला. अशा मुलाला गती वाढवायला सांगू नका, 80 च्या लयीत लांब अंतर मारून स्ट्रोक लांबवायला सांगा.

वर्षाचा मोठा भाग मिनिटाला 70 ते 80 च्या शांत लयीत 8 ते 12 किलोमीटर मारण्यात जातो. आठवड्यातून दोन दिवस तीव्र काम पुरे: एक दिवस 6 वेळा 500 मीटर, प्रत्येकाच्या मध्ये 4 मिनिटं सैल वल्हवणं, दुसऱ्या दिवशी 10 वेळा 100 मीटर, पूर्ण विश्रांतीसह. शेवटचा 500 पहिल्यापेक्षा 5 सेकंदांहून जास्त मंदावला तर त्या दिवशी आकडा पुरा करायचा हट्ट धरू नका. व्यायामशाळेत बाकावर पोटावर झोपून वजन ओढणं आणि पुल-अप हे या खेळाचे मुख्य व्यायाम. बायसेप्स फुगवण्याने होडी पुढे जात नाही.

1000 मीटरमध्ये 4 मिनिटांचं लक्ष्य असेल तर 250-250 चे टप्पे 58, 61, 62, 59 असे धरा. पहिला टप्पा 55 मध्ये मारून दाखवणारे तिसऱ्या टप्प्यात 66 वर जातात. 500 मध्ये दोन मिनिटांसाठी 59 आणि 61.

सुरुवात

मोठ्या स्पर्धेत होडीचं टोक पाण्यातल्या एका खोबणीत टेकवून ठेवतात. "रेडी", "सेट" आणि मग सुटण्याचा इशारा; त्याच क्षणी खोबण पाण्याखाली जाते. आधीच ढकललं तर होडी खोबणीवर आपटून मागे येते आणि इशारा होतो तेव्हा तुम्ही मागे जात असता. चुकीच्या सुरुवातीला ताकीद मिळते, त्याच होडीने पुन्हा केली तर शर्यतीतून बाद.

नाशिकमध्ये खोबण नाही. एक प्लॅस्टिकचं फळांचं क्रेट घ्या, आत फोम लावा, दोन बोयांमध्ये ताणून बांधा. टोक त्यात ठेवून अगदी हलके वल्हे मारत राहा, म्हणजे होडी पुढे टेकलेली राहील. आडवा वारा असेल तर शेपूट सरकतं. "सेट" च्या आधी ते सरळ करून घ्या, नंतर वेळ नसतो. "सेट" ला पहिलं पातं पूर्ण बुडवून ठेवा. इशारा झाला की पहिले तीन स्ट्रोक थोडे आखूड आणि खोल. पूर्ण लांब मारले तर थांबलेली होडी वळते. पुढचे दहा स्ट्रोक लांबवत नेऊन सर्वोच्च गती गाठा, आणि 1000 मीटरमध्ये 10 ते 12 सेकंदांनी लय खाली आणा. स्नायूंमधली झटपट ऊर्जा साधारण तेवढीच टिकते. 30 सेकंद तशीच गती ताणली की पुढचे तीन मिनिटं हातात शिसं भरल्यासारखं वाटतं.

पावसाळ्याची अडचण

आशियाई स्पर्धा बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. हांगझोऊची तशीच झाली, 2026 च्या आयची-नागोयाच्या तारखाही 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर आहेत. म्हणजे तयारीचे निर्णायक महिने नेमके जून ते सप्टेंबर. त्याच काळात इथे पश्चिमेचा वारा, गढूळ पाणी, वाहून आलेले ओंडके आणि धरणातून विसर्ग. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलंय अशी बातमी आली की शहरातल्या पात्रात जाण्याचा विचारही नको, आणि फुगवट्यात दरवाजांच्या बाजूलाही नको. विसर्ग सुरू असताना पाणी वरून शांत दिसतं, खालून ओढ असते.

त्यामुळे जानेवारी ते मे हा काळ वाया घालवू नका. दमाचं सगळं काम तेव्हाच संपवा. पावसाळ्यात कयाकच्या अर्गोमीटरवर, म्हणजे जागेवर वल्हवायच्या यंत्रावर, लय आणि दम टिकवा आणि वारा पडलेल्या सकाळी छोटे, तंत्राचे सराव पाण्यात करा. अर्गोमीटरच्या वेळा पाण्याच्या वेळांशी जुळवत बसू नका, त्यावर तोल सांभाळावा लागत नाही. निवडीच्या जवळ असलेल्याने पावसाळ्याचे दोन महिने दुसऱ्या पाण्यावर काढायची सोय आधीच लावावी.

स्पर्धेच्या ठिकाणी

भारतातली निवड इंडियन कयाकिंग अँड कॅनोइंग असोसिएशनच्या राष्ट्रीय स्पर्धा आणि निवड चाचण्यांतून होते. वाट जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशीच. पासपोर्ट निवडीनंतर काढायला घेऊ नका. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर एक असू द्या.

परदेशात बहुतेक खेळाडू होडी तिथेच भाड्याने घेतात, वल्हं मात्र आपलं नेतात. दोन तुकड्यांत सुटणारं वल्हं घ्या, जोडावर कोनाची आणि लांबीची खूण करा, पाती फोममध्ये गुंडाळा. पहिल्याच दिवशी वहीतले ते तीन आकडे काढून आसन आणि पायपट्टी तशी बसवा. शर्यतीच्या दिवशी सकाळी काहीही बदलू नका, अगदी पट्ट्याचं छिद्रसुद्धा.

के-1 ची लांबी जास्तीत जास्त 5.20 मीटर, वजन कमीत कमी 12 किलो. सी-1 ची लांबी तीच, वजन 14. के-2 आणि सी-2 साडेसहा मीटरपर्यंत, वजन 18 आणि 20. के-4 11 मीटरपर्यंत, वजन 30. होडी हलकी असेल तर वजन पक्कं चिकटवून किंवा स्क्रूने बसवा. चिकटपट्टीने लावलेलं शिसं लाटांत सुटतं, आणि ओल्या फोममधलं पाणी वजनात धरता येत नाही. लेनच्या क्रमांकाची पाटी मागच्या बाजूला उभी लावतात. तिची खाच आधी तपासा, शर्यतीत पाटी पडली तर पंच तुम्हाला ओळखणार कसे?

लेनच्या मधोमध राहा. शेजारच्याच्या लाटेवर बसण्याचा फायदा 1000 मीटरपर्यंतच्या शर्यतींत घेता येत नाही, ती गोष्ट लांब अंतरांची. शेवटच्या रेषेवर होडीचं टोक मोजलं जातं आणि सगळे खेळाडू होडीत असावे लागतात. शेवटच्या स्ट्रोकला पायाने होडी पुढे ढकलून धड मागे टाकतात, म्हणजे टोक पुढे जातं. हे सरावाशिवाय केलं तर रेषेच्या आधीच पाण्यात पडाल.

रेषा ओलांडल्यावर थेट मित्रांकडे जाऊ नका. काही होड्या पुन्हा वजनाला बोलावतात. बोलावलं असेल तर आधी तिकडे, वाटेत कोणी बाटली किंवा टॉवेल होडीत टाकू नये. तिथे वजन कमी भरलं तर निकाल जातो. तिथून कधी उत्तेजक चाचणीला नेतात. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे सापडलं तर बंदी येते, आणि बिनलेबलचं प्रोटीन किंवा ताकदीचं चूर्ण यांत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मागच्या सात दिवसांत घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा एका कागदावर इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवा, म्हणजे फॉर्म भरताना आठवत बसावं लागणार नाही.